इथे ओरडेल

त्या दोघांत विस्तव जात नव्हता, आणि हे कंपनीत शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सख्खे बहीण-भाऊ, पण ऑफिसात ती त्याला ‘साहेब’ म्हणायची आणि तो तिला ‘मॅडम’. साहेब म्हणण्याच्याही तऱ्हा असतात. ही अशी म्हणायची की ऐकणाऱ्याला त्यापेक्षा शिवी बरी वाटावी. जेवणाच्या सुट्टीत तिचा डबा खिडकीपाशी उघडायचा, त्याचा दाराजवळ, आणि मध्ये सहा टेबलं. त्या सहा टेबलांवरच्या बिचाऱ्यांनी खाली मान घालून जेवावं, कारण चुकून एकाकडे बघून हसलं की दुसऱ्याच्या मनात त्याची नोंद झालीच म्हणून समजा.

कंपनी कागद कापायच्या यंत्रांचे कंट्रोल बॉक्स बनवायची. छापखान्यांत, बाइंडिंगच्या कारखान्यांत ही यंत्रं असतात. वीतभर जाडीचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा की पातं खाली येतं आणि गठ्ठा एका घावात दोन तुकडे. पातं केव्हा खाली यायचं, केव्हा थांबायचं, हे तो बॉक्स ठरवतो. बॉक्सच्या पोटात एक चिप आणि चिपच्या पोटात प्रोग्राम. हा प्रोग्राम बावीस वर्षांपूर्वी बाईंनी लिहिला होता, एकटीनं. बाई म्हणजे ती बहीण. पाठीमागे तिला सगळे भागाकारबाई म्हणत, कारण नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी ती त्याला फळ्यावर लांब भागाकार करायला लावायची, मग तो कितीही पदव्या घेऊन आलेला असो.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण जुनी चिप बनवणाऱ्यांनी कळवलं की ती आता बंद. बाजारात दुसरीच जात आली होती. थंड राहणारी, वीसपट वेगानं पळणारी, आणि आतून सगळी वेगळी. जुनीला कळणारी एकही आज्ञा नवीला कळत नव्हती. बाईंनी मालकांना सांगितलं, प्रोग्राम ओळीओळीनं नव्यानं लिहावा लागेल, दीड वर्ष द्या. आणि नेमका त्याच आठवड्यात धाकटा परत आला.

परत आला म्हणजे, सहा वर्षांपूर्वी तो याच कंपनीत होता, तिच्याच हाताखाली, तिनंच चिकटवलेला. एके दिवशी भर मीटिंगमध्ये तो म्हणाला की ताईचा प्रोग्राम म्हणजे गाठी मारमारून बांधलेलं भंगार आहे, कुणाला सोडवता येत नाही म्हणून सगळे त्याला मजबूत म्हणतात. तिच्यासमोर म्हणाला, वर हसला. त्यानंतर तो दुसऱ्या कंपनीत गेला, आणि तिनं घराचं दार त्याला बंद केलं. आई तिच्याकडे राहायची. त्याला आईला भेटायचं असलं की आईनं कोपऱ्यावरच्या बागेत जायचं आणि त्यानं तिथं यायचं, असा सहा वर्षांचा रिवाज पडला होता.

आता तो परत आला तो नव्या चिपचा तज्ज्ञ होऊन. म्हणाला, दीड वर्ष कशाला? मी एक दुभाष्या लिहितो. जुना प्रोग्राम आहे तसाच राहील. दुभाष्या त्यातली एकेक आज्ञा वाचेल आणि नव्या चिपला तिच्या भाषेत सांगेल. तीन महिने. मालकांच्या डोळ्यांत चमक आली. तीन महिन्यांनी दुभाष्या तयार झाला, तेव्हा मालकांनी टेबलावर दोन बॉक्स शेजारी-शेजारी ठेवून शर्यतच लावली, जुनी चिप आणि नवी. एका मोठ्या पुस्तकाच्या सगळ्या कापांचा हिशेब जुनीनं नऊ मिनिटांत केला, नवीनं चाळीस सेकंदांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा बाईंकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम, तुमचंच भंगार आहे, फक्त आता पळतंय.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नसल्या की ते जास्त वाईट असतं, हे आईनं त्या दोघांना लहानपणापासून पाहून ओळखलेलं होतं. त्या तीन महिन्यांत धाकट्यानं त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. बावीस वर्षं जिनं तो प्रोग्राम सांभाळला, तिला एका शब्दानं विचारलं नाही की इथे असं का लिहिलंय. त्याच्या दुभाष्याला काय, आज्ञा कळल्या की झालं. आज्ञांच्या शेजारी माणसांच्या भाषेत लिहिलेल्या टिपा तो वाचतच नव्हता, कारण चिपला टिपांशी देणं-घेणं नसतं.

मंगळवारी बाई रजेवर होत्या. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नव्या चिपचं मॅन्युअल घेऊन बसल्या, कंपनीच्या कपाटातून आणलेलं, सातशे पानांचं. हातात पेन्सिल. वाचताना महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारायची आणि शेजारी तारीख टाकायची, ही त्यांची शाळेपासूनची सवय. धाकट्यालाही ती त्यांनीच लावली होती. आई खिडकीत बसून जुनी उशी उसवत होती. चारशे बाराव्या पानावर बाई थबकल्या, आणि मग हसायलाच लागल्या, इतक्या की डोळ्यांत पाणी आलं.

पानावर एक साधी ओळ होती. शून्यानं भागल्यास उत्तर शून्य येईल, काम पुढे चालू राहील.

आईनं विचारलं, काय झालं गं? बाईंनी तिला आठवण करून दिली. धाकटा दुसरीत होता, बाई आठवीत. याच टेबलावर अभ्यास चालायचा. सात भागिले शून्य किती, असं तिनं विचारलं, तर हा पठ्ठ्या म्हणाला, शून्य. तिनं सांगितलं, शून्यानं भागायचं नसतं, उत्तरच नसतं. तो म्हणाला, नसतं म्हणजेच शून्य. तेव्हा तिनं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली होती. आणि आता चाळीस वर्षांनी या शहाण्यानं जगातून शोधून अशी चिप आणली की जी तेच उत्तर देते.

पण त्या हसत होत्या त्याचं खरं कारण दुसरंच होतं. यंत्राच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो. वाट मोकळी असेल तर त्या पडद्यातून बॉक्सकडे भराभर ठोके येतात, आणि मध्ये हात आला की ठोके दोन-चारवर उतरतात. पात्यानं किती वेळ थांबायचं, हे त्या ठोक्यांनी भागून ठरायचं. ठोके भरपूर, तर भागाकार लहान आणि पातं लगेच खाली. ठोके कमी, तर भागाकार मोठा, आणि पातं वर थांबून राहणार. पण पडद्याची तार सुटली, तर ठोके शून्य. त्या काळी चिपच्या पोटात जागा इतकी कमी की ‘शून्य असेल तर थांब’ ही एक ओळ घालायची तर दुसरी काढावी लागली असती. बाईंनी ती घातलीच नाही. जुन्या चिपला शून्यानं भागायला लावलं की ती सगळं काम टाकून उभी राहायची आणि यंत्राचा भोंगा बोंबलायचा, हे त्यांना माहीत होतं. मग वेगळी ओळ कशाला? त्यांनी शेजारी फक्त टीप लिहिली, ‘इथे ओरडेल’. बावीस वर्षं ते तसंच चाललं. तार सैल झाली की भोंगा, भोंगा वाजला की कापणारा माणूस तारेची पिन दाबून बसवायचा, यंत्र पुन्हा सुरू.

नवी चिप ओरडणार नव्हती. तार सुटली की ती म्हणणार, थांबायचा वेळ शून्य. आणि पातं तत्काळ खाली. तपासणीच्या टेबलावर हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथली तार पक्की डाग देऊन जोडलेली होती. चारशेच्या चारशे चाचण्या पास.

बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली, तारीख टाकली आणि पुस्तक मिटलं.

आई म्हणाली, मग सांग की त्याला. बाई म्हणाल्या, त्यानं मला विचारलं? आईनं उशी खाली ठेवली.

“विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही, हे कुठलं शहाणपण? आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा आहे का तुला?”

“नाक त्याचं कापणार आहे, आई. शुक्रवारी, सगळ्यांसमोर.”

त्यांनी ते मनाशी आखूनच टाकलं. शुक्रवारी तपासणीच्या खोलीत मालक आणि गिऱ्हाईक यांच्यासमोर शेवटची चाचणी होती. पात्याखाली हात नसणार, नुसता कागद. त्या उठतील, साहेब, जरा ही तार तोडून बघते, म्हणतील, आणि तोडतील. पातं अवेळी धाडकन खाली येईल. बस्स. त्यापुढे बोलायची गरजच नाही. भंगार कशाला म्हणतात ते सगळ्यांना दिसेल. आई त्या दिवशी बागेत धाकट्याला भेटायलाही गेली नाही.

गुरुवारी बाई ऑफिसात आल्या तर ऑफिस रिकामं. मागच्या शेडमधून कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. शिपाई म्हणाला, गिऱ्हाइकाला आज संध्याकाळीच परत जायचंय, म्हणून साहेबांनी चाचणी आजच ठेवली, तीही खोलीत नाही, खऱ्या यंत्रावर. यंत्रावर मास्तर आहेत. बाईंनी पर्स टेबलावर टाकली, मॅन्युअल जाता-जाता कपाटात कोंबलं आणि शेडकडे निघाल्या. चालत निघाल्या, पळत नाही. हे पुढे त्यांना पुष्कळ वेळा आठवलं.

मास्तर म्हणजे कंपनीचा कटर चालवणारा, अठ्ठावन्न वर्षांचा, तीस वर्षं पात्यासमोर उभा. या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाताला एखादं बोट कमी नसेल तर लोक बघायला येतात. नवा कुणी आला की मास्तर दोन्ही पंजे पसरून दाखवायचे आणि म्हणायचे, मोजा, दहाच्या दहा. त्यांच्या यंत्राच्या पडद्याची पिन कायमचीच सैल होती. त्यांना त्याचं काही नव्हतं. भोंगा वाजला की पिन दाबायची, हे त्यांच्या हाताला झोपेतही कळत असे. आणि भोंगा वाजत नाही तोवर सगळं ठीक, हेही.

शेडमध्ये मालक, दोन गिऱ्हाइकं आणि धाकटा उभे होते. यंत्र सलग कापणीवर लावलेलं, म्हणजे पातं आपणहून पडणार आणि मास्तर गठ्ठा पुढे सारत राहणार. धाकटा बॉक्सवर हात ठेवून वेग समजावत होता. बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांचं लक्ष सवयीनं पडद्याच्या कडेला गेलं. तिथला हिरवा दिवा विझला होता. पिन सुटली होती. भोंगा वाजला नव्हता. मास्तरांचा डावा हात गठ्ठ्याची कड सारखी करत पात्याखाली सरकत होता.

बाईंनी त्या क्षणी बघितलं ते धाकट्याच्या तोंडाकडे. तो हसत होता, सहा वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये हसला होता तसा. आणि त्यांच्या मनात आलं, आत्ता. आत्ता पडेल, आत्ता सगळे बघतील. एवढंच. एका श्वासाचं काम. मग त्यांची नजर हातावर गेली आणि त्या ओरडल्या.

“मास्तर, हात!”

मास्तरांनी हात ओढला. पातं पडलं. हात वाचला, मधल्या बोटाचं शेवटचं पेर वाचलं नाही. मास्तर ओरडलेसुद्धा नाहीत. कागदावर सांडलेल्या रक्ताकडे बघून म्हणाले, गठ्ठा खराब झाला.

पुढचे बारा दिवस कंपनीत जे झालं ते बाईंना हवं होतं तसंच झालं, अगदी काडीइतकाही फरक नाही. धाकट्याला मालकांपुढे उभं राहून चूक कबूल करावी लागली. त्यानं दोन ओळी घातल्या, शून्य असेल तर थांब, भोंगा वाजव, आणि दोष गेला. पण त्या दोन ओळींनी त्याची लाज झाकली नाही. मालकांनी फर्मान काढलं की यापुढे एकही बॉक्स बाईंच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही, आणि धाकट्यानं प्रत्येक गोष्ट बाईंना विचारूनच करायची. धाकट्याच्या माणसांनी रांग लावली. बाई, इथे असं का लिहिलंय? बाई, तिथे काय होईल? बावीस वर्षांत इतकं कुणी विचारलं नव्हतं. बाई उत्तरं देत होत्या. डबा मात्र अर्धा परत नेत होत्या.

तेराव्या दिवशी मास्तर कामावर आले, बोटाला पट्टी. शेडमध्ये लोक जमले. मास्तरांनी दोन्ही पंजे पसरले आणि म्हणाले, मोजा, पावणेदहा. सगळे हसले. मास्तर म्हणाले, हसताय काय, पूर्ण पंजा गेला असता. भागाकारबाई दारात होत्या म्हणून उरला. यंत्र मुकं झालं तरी बाई ओरडल्या. माझ्या बायकोनं त्यांना निरोप दिलाय, की तुम्ही आमच्या घरच्या. हे सगळं बाई आपल्या टेबलापाशी बसून ऐकत होत्या, कारण शेडचा दरवाजा उघडा होता आणि मास्तरांचा आवाज यंत्राच्या आवाजावर पोसलेला होता.

तेवढ्यात धाकटा आला. त्याच्या हातात मॅन्युअल होतं, कपाटातलं. ही गोष्ट आपल्या नजरेतून कशी सुटली हे बघायला त्यानं ते काढलं होतं, त्यात नवल काही नाही. तिच्याच तालमीत तयार झालेला, चुकीच्या मुळाशी गेल्याशिवाय त्यालाही चैन पडत नसे. त्यानं चारशे बारावं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं. पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख. मंगळवारची.

बाईंनी पान बघितलं. धाकट्यानं खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला. बोलला तेव्हा हळू बोलला, आणि परत आल्यापासून पहिल्यांदा ‘मॅडम’ म्हणाला नाही.

“ताई, मी चुकलो तेव्हा तू माझ्या थोबाडीत मारली होतीस. तेव्हा मी दुसरीत होतो. आता तूच सांग, मी काय करू?”

बाईंना खूप काही म्हणता आलं असतं. तू विचारलं नाहीस, हे तर जिभेच्या टोकावर होतं, तीन महिने तिथंच होतं. त्या म्हणाल्या, मालकांकडे घेऊन जा, तुझी बाजू उजळेल. तो म्हणाला, नेणार नाही. माझी चूक माझीच आहे, मी विचारायला हवं होतं, ते मी मालकांना सांगितलंय. हे मी तुझ्यासाठी आणलंय. माझं तोंड बघायचा तुला वीट आहे ना, मग हे बघत बस. असं म्हणून तो निघून गेला. त्यानं दया केली नव्हती, त्याच्या आवाजात दयेचा अंशही नव्हता. ओझं जिचं होतं तिच्या टेबलावर त्यानं आणून ठेवलं, इतकंच.

बाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. पान फाडलं तर कुणाला कळणार नव्हतं, धाकटा बोलणार नव्हता, आणि मास्तर जन्मभर तीच गोष्ट सांगत राहणार होते. बोलल्या तर सही जाणार, रांग जाणार, कदाचित नोकरीही. त्यांनी पुस्तक उचललं आणि शेडमध्ये गेल्या.

गर्दी पांगली होती. मास्तर यंत्राचं टेबल फडक्यानं पुसत होते. बाईंना बघून त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी हातानंच बसा म्हटलं. बाई बसल्या नाहीत. त्यांनी पान उघडून दाखवलं, पण मास्तरांना त्यातलं काही कळणार नव्हतं, म्हणून तोंडानंच सांगितलं.

“मास्तर, तार सुटली तर पातं पडणार, हे मला मंगळवारीच माहीत होतं. त्या दिवशी दिवा विझलेलाही मी तुमच्या आधी बघितला. मी भावाच्या फजितीची वाट बघत होते.”

मास्तर पुसायचे थांबले. त्यांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पट्टीकडे. रागावतील असं बाईंना वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. तीस वर्षं ते त्या भोंग्याच्या भरवशावर पात्याखाली हात घालत आले होते, आणि भोंगा कुणावर रुसून गप्प बसू शकतो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

“मग मंगळवारीच ओरडायचं होतं ना, बाई,” ते म्हणाले, आणि फडकं पिळून पुन्हा टेबल पुसायला लागले.